सुगंधी तेले जंतूंना कशी मारतात आणि कुठे कमी पडतात

प्रश्न थोडक्यात असा आहे : निलगिरी, लवंग, ओवा, टी ट्री अशा वनस्पतींच्या सुगंधी तेलांच्या बाटल्यांवर ‘जंतुनाशक’ असे सर्रास छापलेले असते. या तेलांत नेमके असते काय, त्यातले काय जंतूंना मारते, एकाच वनस्पतीच्या दोन तेलांचे चाचणीतले निकाल वेगळे का येतात, आणि प्रतिजैविकांच्या किंवा नेहमीच्या जंतुनाशकांच्या जागी ही तेले वापरता येतील का? अशा तेलांचे रासायनिक पृथक्करण करणे आणि त्यांची जंतुरोधक क्षमता तपासणे हेच माझे काम असल्याने उत्तर जरा लांबणार आहे. एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवते. वनस्पतीच्या नावावरून तेलाच्या ताकदीचा अंदाज बांधणे ही या विषयातली सर्वांत मोठी गफलत आहे. तेल म्हणजे मिश्रण. त्यात कोणता घटक किती आहे, तो जंतूपर्यंत किती पोहोचतो आणि तिथे किती वेळ टिकतो, यावर सगळे अवलंबून असते.

खाण्याच्या तेलाशी या तेलांचे नावापलीकडे काहीच नाते नाही. शेंगदाण्याचे किंवा तिळाचे तेल म्हणजे ग्लिसरॉलला जोडलेली मेदाम्ले. ते उडून जात नाही आणि कागदावर पडले तर त्याचा डाग कायम राहतो. सुगंधी तेलातले रेणू लहान आणि हलके असतात, खोलीच्या तापमानालाही त्यांची वाफ होते आणि कागदावरचा डाग काही तासांत बहुतांशी नाहीसा होतो. बहुतेक तेलांत वीस ते साठ घटक सहज ओळखता येतात, काहींत शंभराहून अधिक असतात. तरीही साधारणपणे दोन-तीन घटकच मिळून तेलाचा मोठा हिस्सा व्यापतात आणि बाकीचे टक्क्याच्या किंवा त्याच्याही अंशाच्या प्रमाणात असतात.

या घटकांची रासायनिक घराणी मुख्यतः दोन आहेत. पहिले टर्पिनांचे. वनस्पती पाच कार्बनचा एक ठरावीक तुकडा तयार करते आणि असे तुकडे एकमेकांना जोडत जाते. दोन तुकड्यांपासून दहा कार्बनची मोनोटर्पिने होतात, तीन तुकड्यांपासून पंधरा कार्बनची सेस्क्विटर्पिने. लिमोनीन, पायनीन, मेन्थॉल, लिनॅलूल, सिट्रल, कापूर हे सगळे पहिल्या प्रकारातले. या संयुगांचा गुंता सोडवणाऱ्या ऑटो वालाख यांना १९१० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि पाच-पाच कार्बनच्या जोडणीचा नियम पक्का करणाऱ्या लिओपोल्ड रुझिका यांना १९३९ साली. दुसरे घराणे फिनाइलप्रोपेनॉइडांचे. ते फिनाइलअॅलनिन या अमिनो आम्लापासून निघते. लवंगेतले युजेनॉल, दालचिनीच्या सालीतले सिनॅमाल्डिहाइड आणि बडीशेपेतले अॅनेथॉल ही त्याची परिचित उदाहरणे होत.

जंतूंच्या दृष्टीने मात्र घराण्यापेक्षा रेणूवर कोणता क्रियाशील गट बसला आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते. ज्यांच्या बेंझीन-वलयावर हायड्रॉक्सिल गट आहे ती फिनॉले, म्हणजे थायमॉल, कार्व्हॅक्रॉल आणि युजेनॉल, सर्वांत प्रभावी असतात. त्यांच्याच आसपास सिनॅमाल्डिहाइड आणि सिट्रल ही अॅल्डिहाइडे येतात. त्यांच्या खालोखाल टर्पिनेन-४-ऑल, जिरॅनिऑल, लिनॅलूल यांसारखी अल्कोहोले. किटोने आणखी खाली, एस्टरे व ईथरे त्यांच्याही खाली, आणि शुद्ध हायड्रोकार्बने, म्हणजे लिमोनीन, पायनीन, पॅरा-सायमीन, बहुधा तळाला. हा क्रम ढोबळ आहे, जंतूगणिक तो थोडा हलतो. पण अनोळखी तेलाच्या घटकांची यादी हातात आली की मी पहिल्यांदा हाच क्रम डोळ्यांसमोर ठेवते आणि तो सहसा दगा देत नाही.

हा क्रम लावून पाहिला की लोकांच्या मनातल्या काही समजुती उलटतात. निलगिरीचा वास इतका झणझणीत असतो की ते तेल जंतूंचा कर्दनकाळ असावे असे वाटते. औषधी निलगिरी तेलाचा साधारण ७० टक्के किंवा त्याहून मोठा भाग असतो १,८-सिनिओल या ईथराचा, आणि जिवाणूंविरुद्ध त्याची ताकद मध्यमच असते. गोड संत्र्याच्या सालीच्या तेलात ९० टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते. तेही या बाबतीत दुबळेच. याउलट ओव्याच्या तेलात ३५ ते ६० टक्के थायमॉल, लवंगेच्या तेलात ७० ते ९० टक्के युजेनॉल आणि गवती चहाच्या तेलात ७० ते ८५ टक्के सिट्रल असते, आणि ही तिन्ही तेले चाचण्यांमध्ये सातत्याने वरच्या फळीत दिसतात. नाकाला काय झोंबते आणि जंतूला काय झोंबते, यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

आता हे रेणू जंतूला मारतात कसे, ते पाहू. जिवाणूच्या पेशीभोवती मेदाच्या दोन थरांचे पातळ पटल असते आणि पेशीची ऊर्जानिर्मिती त्या पटलावरच चालते. पेशी प्रोटॉन सतत बाहेर ढकलून आतबाहेरचा फरक राखते आणि धरणात अडवलेल्या पाण्यावर जनित्र चालावे, तसे त्या फरकावर एटीपी हे ऊर्जावाहक संयुग तयार होते. कार्व्हॅक्रॉल किंवा थायमॉल मेदात सहज विरघळत असल्याने या पटलात शिरून बसते. मेदाच्या रेणूंची घट्ट रचना सैल होते, पटल फुगते आणि आतले पोटॅशियम आयन बाहेर गळू लागतात. शिवाय फिनॉलाचा हायड्रॉक्सिल गट दुर्बल आम्ल असल्याने तो प्रोटॉन उचलून पटलाच्या पलीकडे नेऊन सोडू शकतो, असे मानले जाते. परिणामी अडवलेला फरक ओसरतो, एटीपीचा साठा संपतो आणि पेशीचे सगळे व्यवहार ठप्प होतात. मात्रा अधिक असेल तर पटल इतके फाटते की आतली प्रथिने आणि न्यूक्लिइक आम्लेही बाहेर पडतात.

हायड्रॉक्सिल गटाचे महत्त्व पटवून देणारी तुलना अशी. कार्व्हॅक्रॉलच्या या गटावर मिथाइल गट चढवून त्याचे ईथर केले, तर रेणू मेदात पूर्वीइतकाच किंबहुना अधिक विरघळतो, पण बॅसिलस सेरियस या जिवाणूवरचा त्याचा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. मेन्थॉलवर हायड्रॉक्सिल गट आहे, कार्बनचा सांगाडाही थायमॉलसारखाच आहे, पण वलय बेंझीनचे नसल्यामुळे तो गट प्रोटॉन सोडायला तयार नसतो आणि मेन्थॉल बरेच दुबळे ठरते. पॅरा-सायमीन म्हणजे हायड्रॉक्सिल गट काढून टाकलेले कार्व्हॅक्रॉलच. ते पटलात जोमाने शिरून त्याला फुगवते, पण एकट्याने फारसे मारत नाही. मात्र कार्व्हॅक्रॉल सोबत असेल तर त्याला आत शिरायला वाट करून देते. संपूर्ण तेल कधीकधी त्याच्या मुख्य घटकापेक्षा सरस ठरते, त्याचे एक कारण हे आहे.

हायड्रोकार्बने मागे का पडतात, याचे आणखी एक साधे कारण पाण्यात सापडते. जंतू पाण्यात किंवा ओलसर थरात राहतात, तेव्हा मेदापर्यंत पोहोचण्याआधी रेणूला पाणी ओलांडावे लागते. लिटरभर पाण्यात थायमॉल साधारण एक ग्रॅम विरघळते, लिमोनीन मात्र जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅम. मेदाची ओढ असलेला, पण थोडाफार पाण्यातही जाणारा रेणू यात बाजी मारतो.

सिनॅमाल्डिहाइडचा मार्ग वेगळा आहे. त्याचा अॅल्डिहाइड गट प्रथिनांच्या अमिनो गटांशी थेट रासायनिक बंध जोडतो, त्यामुळे पटल पूर्ण फाटण्याआधीच विकरे (एन्झाइमे) निकामी होऊ शकतात. पेशी विभागताना मध्यभागी कडे तयार करणाऱ्या एफटीएसझेड या प्रथिनाला ते अडथळा करते, असेही दिसून आले आहे. याच रासायनिक स्वभावामुळे ते त्वचेच्या प्रथिनांनाही चिकटते, म्हणूनच दालचिनीच्या सालीचे तेल त्वचेला चटकन दाह व अॅलर्जी करते. जंतूला मारणारा आणि माणसाला झोंबणारा गुण इथे एकच आहे.

सगळे जिवाणू सारखे शरण येत नाहीत. ग्रॅम या रंजनचाचणीवरून जिवाणूंचे ग्रॅम-पॉझिटिव्ह आणि ग्रॅम-निगेटिव्ह असे दोन गट पाडतात. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना आतल्या पटलाबाहेर लिपोपॉलिसॅकराइडांचे, म्हणजे साखरेच्या साखळ्या जोडलेल्या मेदाचे, आणखी एक आवरण असते आणि मेदप्रिय रेणूंना ते थोपवून धरते. पण ‘ग्रॅम-पॉझिटिव्ह मरतात, ग्रॅम-निगेटिव्ह वाचतात’ असे सूत्र करून टाकणे चूक आहे. थायमॉल आणि कार्व्हॅक्रॉल हे बाहेरचे आवरणही विस्कटू शकतात, आणि टी ट्री तेलाला ई. कोलाय बऱ्याचदा स्टॅफिलोकोकस ऑरियसइतकाच बळी पडतो. खरा चिवट आहे स्युडोमोनास एरुजिनोसा. त्याचे बाह्य आवरण कमी झिरपणारे असते आणि आत शिरलेले रेणू बाहेर फेकणारे पंप त्याच्याकडे असतात. टी ट्री तेलाची जी मात्रा स्टॅफिलोकोकसला रोखते, तिच्या अनेक पट मात्रा स्युडोमोनासला लागते. कॅन्डिडासारख्या बुरशींवर फिनॉलयुक्त आणि सिट्रलयुक्त तेले चांगली चालतात. विषाणूंमध्ये ज्यांना मेदाचे आवरण असते, उदाहरणार्थ हर्पिस सिम्प्लेक्स, ते पेशीत शिरण्यापूर्वी तेलाच्या संपर्कात आले तर निष्क्रिय होऊ शकतात; आवरण नसलेले विषाणू फारशी दाद देत नाहीत. जिवाणूंचे बीजाणू तर नेहमीच्या तापमानाला जवळजवळ अभेद्यच समजावेत. पृष्ठभागावर थर करून बसलेले, वाढ थांबलेले जिवाणूही प्रयोगशाळेतल्या ताज्या, जोमाने वाढणाऱ्या जिवाणूंपेक्षा खूपच टणक असतात, हे निकाल वाचताना विसरले जाते.

एकाच वनस्पतीच्या दोन तेलांचे निकाल वेगळे का येतात, याचे अर्धे उत्तर वनस्पतीत आहे आणि अर्धे चाचणीत. वनस्पतीचे आधी पाहू. दालचिनीचे एकच झाड घ्या : खोडाच्या सालीच्या तेलात सिनॅमाल्डिहाइड प्रमुख, पानांच्या तेलात युजेनॉल प्रमुख आणि मुळाच्या सालीच्या तेलात कापूर प्रमुख. बाटलीवर तिन्ही वेळा ‘दालचिनी’ लिहिता येते. थाइम या सुगंधी झुडपाची गोष्ट याहून विलक्षण आहे. दक्षिण फ्रान्समध्ये या एकाच प्रजातीचे सहा रासायनिक वाण नोंदवले गेले आहेत. दिसायला झाडे सारखी, पण कुणाच्या तेलात थायमॉल जास्त, कुणाच्यात कार्व्हॅक्रॉल, कुणाच्यात लिनॅलूल किंवा जिरॅनिऑल. पहिल्या दोघांचे तेल जंतूंवर कठोर, लिनॅलूलवाल्याचे त्या मानाने सौम्य. तुळशीच्या तेलातही युजेनॉल, मिथाइल युजेनॉल आणि लिनॅलूल यांची प्रमाणे वाणानुसार पार बदलतात. शिवाय वनस्पतीत थायमॉल गॅमा-टर्पिनीनपासून घडत असल्याने, तोडणी फुलोऱ्याच्या कोणत्या टप्प्यावर झाली यावर दोघांचे प्रमाण ठरते.

तेल काढण्याची रीतही त्यात भर घालते. पाण्याबरोबर दीर्घकाळ ऊर्ध्वपातन केले तर लॅव्हेंडरमधल्या लिनॅलिल अॅसिटेटचा काही भाग फुटून लिनॅलूल होते. कॅमोमाइलच्या तेलाचा गडद निळा रंग तर फुलात नसतोच. मॅट्रिसिन या रंगहीन संयुगापासून उष्णतेने कॅमॅझुलीन तयार होते आणि तेल निळे होते. लिंबूवर्गीय साली थंड दाबून काढलेल्या तेलात फ्युरोकुमारिने, म्हणजे उन्हात त्वचेला इजा करणारी संयुगे, येतात, वाफेने काढलेल्या तेलात ती जवळजवळ येत नाहीत.

घटक मोजण्याचे नेहमीचे साधन म्हणजे वायुवर्णलेखन आणि त्याला जोडलेला वस्तुमान वर्णपटमापी, ज्याला सगळे जीसी-एमएस म्हणतात. यंत्रासोबतच्या संग्रहातून संगणक नावे सुचवतो आणि पुष्कळ प्रबंधांत तीच नावे जशीच्या तशी उतरवलेली दिसतात. सेस्क्विटर्पिनांचे वर्णपट इतके सारखे असतात की केवळ त्यांच्यावर विसंबलो तर नावे सहज चुकतात. धारण-निर्देशांक, म्हणजे संयुग यंत्राच्या लांब नळीतून (स्तंभातून) बाहेर पडायला किती वेळ घेते याचा प्रमाणित आकडा, जुळवल्याशिवाय नाव पक्के करू नये. काही संयुगे यंत्राच्या तापलेल्या तोंडाशीच रूप बदलतात : जर्माक्रीन-ए तिथे बीटा-एलिमीन होऊन बाहेर पडते, आणि अहवालात वनस्पतीच्या नावावर एलिमीन चढते. टक्केवारीही बहुधा आलेखावरच्या त्या घटकाच्या शिखराच्या क्षेत्रफळाची असते, वजनाची नसते.

चाचणीकडे वळू, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच आहे. सर्वांत लोकप्रिय पद्धत म्हणजे अगर-प्लेटवर जिवाणू पसरून त्यावर तेलात भिजवलेली सहा मिलिमीटरची कागदी चकती ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचे स्वच्छ वर्तुळ मोजायचे. प्रतिजैविके पाण्यात विरघळून अगरमध्ये पसरतात, म्हणून त्यांच्यासाठी ही पद्धत ठीक आहे. तेल पाण्याला नाखूश. त्याचा काही भाग चकतीतच अडकतो, काही ३७ अंश तापमानात अठरा-वीस तासांत उडून जातो, आणि काही वाफ झाकणाखाली साचून चकतीपासून दूरच्या जिवाणूंनाही दाबते. अधिक ताकदवान पण कमी पसरणारे तेल लहान वर्तुळ देते, दुबळे पण सहज पसरणारे तेल मोठे. त्यामुळे ‘अमुक तेलाचे वर्तुळ अमुक प्रतिजैविकापेक्षा मोठे, म्हणून तेल श्रेष्ठ’ हे वाक्य दिसले की मी तो लेख बाजूला ठेवते. चकतीची चाचणी ‘काही परिणाम आहे की नाही’ एवढेच सांगते, त्यापलीकडे तिला प्रश्न विचारू नयेत.

मोजमाप हवे असेल तर किमान रोधक मात्रा, म्हणजे एमआयसी, काढावी लागते. शहाण्णव कप्प्यांच्या प्लेटमध्ये पोषक द्रव घेऊन तेलाची मात्रा कप्प्यागणिक निम्मी करत जायची आणि जिवाणूंची वाढ ज्या सर्वांत कमी मात्रेला थांबते ती नोंदवायची. इथेही तेल वर तरंगते, म्हणून ते पाण्यात मिसळवण्यासाठी काहीतरी घालावे लागते. ट्वीन-८० नावाचे पायसकारक सर्रास वापरतात, पण त्याचे प्रमाण वाढले की तेलाचे रेणू त्याच्याच कणांत अडकून पडतात आणि तेल आहे त्यापेक्षा दुबळे भासते. ०.१५ टक्के अगर घालून द्रव किंचित दाट करणे हा त्यापेक्षा बरा उपाय आहे. वाचन सोपे व्हावे म्हणून रेझाझुरिन हे निळे रंगद्रव्य घालतात. जिवंत जिवाणू ते गुलाबी करतात. आता अशी एक प्लेट डोळ्यांसमोर आणा. तेलाची सर्वांत मोठी मात्रा पहिल्या रकान्यात आहे. त्याला लागून असलेल्या, तेल न घातलेल्या नियंत्रण-कप्प्यात गुलाबी रंग यायलाच हवा, पण तो निळाच राहिला आहे, आणि त्याच जिवाणूचा दुसरा नियंत्रण-कप्पा दूरच्या कोपऱ्यात मस्त गुलाबी झाला आहे. तेलाची वाफ झाकणाखालून शेजारी गेली, इतकेच त्याचे कारण. प्लेट चिकटपट्टीने सीलबंद केली नाही आणि नियंत्रणे दोन ठिकाणी ठेवली नाहीत, तर हा दोष कळणारही नाही आणि तेलाच्या खात्यात फुकटचे यश जमा होईल.

आणखी एक फरक नीट समजून घ्यावा. वाढ थांबणे म्हणजे मरणे नव्हे. स्वच्छ दिसणाऱ्या कप्प्यातला थेंब तेल नसलेल्या ताज्या माध्यमावर टाकला आणि तिथे जिवाणू पुन्हा वाढले, तर तेलाने त्यांना फक्त रोखून धरले होते. मारक मात्रा वेगळी काढावी लागते आणि ती रोधक मात्रेपेक्षा बऱ्याचदा जास्त निघते. दोन तेले एकत्र करून ‘सहकार्य’ झाल्याचा दावा असेल, तर अंशात्मक निर्देशांक, म्हणजे प्रत्येक तेलाची मिश्रणातली रोधक मात्रा भागिले एकट्याची रोधक मात्रा यांची बेरीज, ०.५ किंवा त्याहून कमी आहे का, ते पाहावे. त्याच्या वरचे बहुतेक आकडे केवळ बेरीज दाखवतात.

यावरून प्रतिजैविकांच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप जवळ येते. थायमॉल किंवा कार्व्हॅक्रॉलची रोधक मात्रा बऱ्याच जिवाणूंसाठी मिलिलिटरला साधारण १०० ते ५०० मायक्रोग्रॅम असते. चांगल्या प्रतिजैविकाला संवेदनशील जिवाणूंसाठी एक-दोन मायक्रोग्रॅम, कित्येकदा त्याहूनही कमी पुरते. म्हणजे अंतर शेकडो पटींचे आहे. त्यात पोटात घेतलेले थायमॉल किंवा युजेनॉल आतड्यात आणि यकृतात झटपट सल्फेट व ग्लुक्युरोनाइड या, शरीर नको असलेले पदार्थ बाहेर टाकण्यासाठी वापरते त्या गटांना जोडले जाते. पोटातून दिलेल्या थायमॉलच्या अभ्यासात रक्तात मुक्त थायमॉल सापडले नाही, सापडले ते त्याचे सल्फेट. आणि ज्या हायड्रॉक्सिल गटामुळे ते जंतूंना मारते, तोच गट त्यात झाकलेला असतो. रक्तातली प्रथिने आणि मेद उरलेसुरले तेलही शोषून घेतात. म्हणून न्यूमोनिया, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा रक्तातला संसर्ग यांवर तेल पिणे हा उपचार नाही. यात मला कुठलीही ‘पण’ लावण्यासारखी जागा दिसत नाही.

शरीराच्या पृष्ठभागावर चित्र वेगळे आहे, कारण तिथे जास्त मात्रा थेट लावता येते. टी ट्री तेल याचे सर्वांत नीट अभ्यासलेले उदाहरण. ऑस्ट्रेलियात आर्थर पेनफोल्ड यांनी १९२० च्या दशकात ते फिनॉल (कार्बोलिक आम्ल) या जुन्या जंतुनाशकापेक्षा ११ पट प्रभावी असल्याचे नोंदवले आणि तिथून त्याची कीर्ती सुरू झाली. आज त्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात, २०१७ च्या आवृत्तीनुसार, टर्पिनेन-४-ऑल ३५ ते ४८ टक्के असावे आणि सिनिओल १० टक्क्यांपुढे जाऊ नये, अशी अट आहे. मुरुमांवर ५ टक्के टी ट्री जेल आणि ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांची १२४ रुग्णांवर झालेली तुलना १९९० साली प्रसिद्ध झाली. दोन्हींचा उपयोग झाला, तेलाचा परिणाम उशिरा दिसला, पण त्रास कमी झाला. मेथिसिलीन या प्रतिजैविकाला न जुमानणारा स्टॅफिलोकोकस अंगावरून घालवण्याच्या चाचणीत मात्र, नाकातला जंतू काढण्यात म्युपिरोसिन हे प्रतिजैविक मलम टी ट्री क्रीमपेक्षा स्पष्टपणे सरस ठरले. तोंडाच्या बाबतीत लिस्टरिन या माउथवॉशचे मूळ सूत्र पाहा : थायमॉल ०.०६४ टक्के, सिनिओल ०.०९२ टक्के, मिथाइल सॅलिसिलेट ०.०६० टक्के आणि मेन्थॉल ०.०४२ टक्के, हे सगळे अल्कोहोलमिश्रित पाण्यात. दातांवरचा थर आणि हिरड्यांची सूज कमी करण्यात अशा माउथवॉशचा उपयोग चांगल्या चाचण्यांतून दिसला आहे. घटक ठरलेले, प्रमाण ठरलेले, विद्रावक ठरलेला आणि संपर्काचा वेळ ठरलेला. या चार अटी पाळल्या म्हणून तिथे निकाल मिळतो.

फरशी किंवा ओटा पुसण्यासाठी थायमॉलवर आधारित तयार जंतुनाशके आहेत आणि ती सांगितलेला वेळ, बऱ्याचदा दहा मिनिटे, पृष्ठभाग ओला ठेवला तर काम करतात. बादलीभर पाण्यात टाकलेले पाच-दहा थेंब वेगळे. ते वर तरंगतात, काही फडक्याला लागतात, बाकीचे हवेत जातात. वास येतो, जंतू राहतात. खोलीत तेलाची वाफ सोडून ‘हवा शुद्ध’ करण्याबद्दल मी याहून सावध आहे. लिमोनीनसारखी टर्पिने हवेतल्या ओझोनशी संयोग पावून फॉर्मल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण तयार करतात, म्हणजे बंद खोलीत हवा शुद्ध होण्याऐवजी बिघडू शकते. दम्याच्या रुग्णाजवळ तर हा प्रयोग करूच नये.

‘तेलात अनेक घटक असतात, त्यामुळे जंतूंना प्रतिकार करताच येत नाही’ हा दावाही तपासून घ्यायला हवा. पटलावर एकाच वेळी अनेक ठिकाणी आघात होत असल्याने प्रतिकार सहज उद्भवत नाही, इतपत खरे आहे. परंतु पाइन तेलाच्या सान्निध्यात वाढवून निवडलेल्या ई. कोलायमध्ये मार-ए हा जनुकांवर ताबा ठेवणारा नियंत्रक अति सक्रिय झालेला आणि त्यामुळे कित्येक प्रतिजैविकांना होणारा प्रतिकार वाढलेला १९९७ साली दाखवला गेला आहे. मारायला न पुरणाऱ्या पातळ मात्रा सतत वापरत राहणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

बाटली निवडताना लेबलवर वनस्पतीचे पूर्ण शास्त्रीय नाव, वापरलेला भाग आणि त्या विशिष्ट घाण्याचा जीसी अहवाल आहे का, ते पाहावे. भेसळीचे प्रकार बरेच आहेत. लॅव्हेंडरमधले नैसर्गिक लिनॅलूल जवळजवळ सगळे एकाच प्रतिबिंब-रूपाचे (डाव्या-उजव्या हातासारख्या दोन रूपांपैकी एका) असते, कारखान्यातले दोन्ही रूपांचे सारखे मिश्रण असते; नेहमीच्या स्तंभावर दोन्ही एकाच शिखरात येतात आणि हे वेगळे करायला ही रूपे ओळखणारा खास ‘कायरल’ स्तंभ लागतो. शुद्ध तेलही जुने झाले की बदलते. टी ट्री तेलातली टर्पिनिने हवेने पॅरा-सायमीनमध्ये बदलत जातात. लिमोनीन आणि लिनॅलूल यांची हायड्रोपेरॉक्साइडे बनतात आणि त्वचेची अॅलर्जी बऱ्याचदा मूळ तेलापेक्षा या जुन्या झालेल्या पदार्थांनीच होते. गडद काचेची, काठोकाठ भरलेली, घट्ट बुचाची बाटली थंड जागी ठेवावी. अर्धी रिकामी बाटली वर्षानुवर्षे वापरू नये.

त्वचेवर तेल नेहमी स्थिर (तिळाच्या तेलासारख्या, उडून न जाणाऱ्या) तेलात किंवा क्रीममध्ये एक-दोन टक्क्यांपर्यंत पातळ करून, आधी हाताच्या आतल्या बाजूला थोडे लावून मगच वापरावे. थंड दाबून काढलेले बर्गमॉट किंवा लाइमचे तेल लावून उन्हात गेल्यास त्यातल्या फ्युरोकुमारिनांमुळे त्वचा भाजल्यासारखी होते. मांजरांच्या यकृताची फिनॉलांवर ग्लुक्युरोनाइड चढवण्याची क्षमता फार कमी असते, म्हणून ओवा, लवंग, थाइम यांची तेले त्यांच्या अंगाला लावू नयेत. टी ट्री तेलही मांजर-कुत्र्यांपासून दूर ठेवावे. लहान बाळांच्या नाकाजवळ मेन्थॉल किंवा कापूर लावू नये, कारण श्वासनलिकेच्या तोंडाशी अचानक आकडी येऊ शकते. विंटरग्रीनच्या तेलात जवळजवळ सगळे मिथाइल सॅलिसिलेटच असते आणि त्याच्या एका चहाच्या चमच्यात, म्हणजे पाच मिलिलिटरमध्ये, सुमारे सात ग्रॅम अॅस्पिरिनइतके सॅलिसिलेट असते. लहान मुलाचा जीव घ्यायला ते पुरेसे आहे. कापराने झटके येतात, आणि निलगिरीचे तेल काही मिलिलिटर पोटात गेले तरी मूल बेशुद्ध पडू शकते. असे काही गिळले गेले असेल तर उलटी करवू नये, कारण परतताना पातळ तेल फुप्फुसात शिरते आणि तिथे होणारी इजा पोटातल्या विषबाधेइतकीच गंभीर असू शकते. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठावे, म्हणजे कोणते तेल आणि साधारण किती गेले, हे डॉक्टरांना लगेच कळेल.